मे महिन्यात खिडकीवर मधमाश्यांचा छोटा थवा येऊन बसला, तर काय करायचं?

ट्रॉम्बे, अणुशक्तीनगर, देवनार, मानखुर्द. मुंबईच्या या पट्ट्यात एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला ठाणे खाडीची तिवरं आहेत. मधल्या वस्तीत नारळ, करंज, जांभूळ, गुलमोहर अशी झाडं आहेत. मधमाश्यांना आणखी काय हवं?

त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा व्हिडिओ पडणं यात नवल नाही. जिन्याच्या ग्रिलला किंवा आंब्याच्या फांदीला लटकलेला, हलणारा तपकिरी घोस. खाली लगेच मेसेज सुरू होतात. 'पेस्ट कंट्रोलला बोलवा', 'धूर करा', 'पाण्याचा पाइप मारा'.

यातलं काहीही करण्याआधी तो घोस नेमका काय आहे, हे समजून घ्यायला हवं.

थवा आणि पोळं यात फरक काय?

पोळं म्हणजे मेणाचं घर. त्यात अंडी, पिलावा आणि मध असतो आणि माश्या त्याचं रक्षण करतात. थवा म्हणजे घर शोधत निघालेल्या माश्या. त्यांच्याकडे राखायला काहीच नसतं, त्यामुळे त्या सहसा डिवचल्याशिवाय चावत नाहीत.

वसाहत मोठी झाली की जुनी राणी निम्म्या-अधिक कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते. मागे राहिलेल्या घरात नवी राणी जन्मते. कधी कधी त्या घरातून पुन्हा दुसरा, तिसरा थवा सुटतो. हे मागाहून सुटलेले थवे लहान असतात आणि त्यांची राणी नवी, बिनमिलनाची असते.

बाहेर पडताना माश्या पोटात मध भरून घेतात. वाटेत एखाद्या ठिकाणी घोस करून थांबतात. टेहळणी करणाऱ्या माश्या जागा शोधून येतात आणि नाचून तिचा पत्ता सांगतात. ही नाचाची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. जागा ठरली की थवा उडून जातो. याला काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस.

म्हणजे बहुतेक वेळा उपाय सोपा आहे : लांब राहा, थांबा.

मग लहान थव्याची काळजी कशाला?

युरोप-अमेरिकेतले मधपाळ हंगामाच्या शेवटी सुटलेल्या लहान थव्यांना फारशी किंमत देत नाहीत. कारण पुढे हिवाळा असतो. थंडीत माश्या एकमेकींना चिकटून ऊब धरतात आणि साठवलेल्या मधावर काही महिने काढतात. मूठभर माश्यांना ऊबही धरता येत नाही आणि मधही साठवता येत नाही.

म्हणूनच यूट्यूबवरचे बहुतेक परदेशी व्हिडिओ सांगतात की ऑक्टोबरच्या आत थवा सावरा. हा सल्ला मुंबईत मात्र उलटा पडतो. इथे ऑक्टोबर म्हणजे सुरुवात. पाऊस संपलेला असतो, फुलोऱ्याचे महिने पुढे असतात, त्यामुळे तेव्हाचा लहान थवाही सावरू शकतो.

मधमाश्यांच्या दृष्टीने मुंबईचा 'हिवाळा' म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. दिवसच्या दिवस माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि फुलांतला मकरंद धुऊन जातो. इथला 'उशिराचा थवा' म्हणजे मे महिन्यातला थवा.

हिशोब करून बघू

समजा, १० मे रोजी नव्या राणीचा लहान थवा एखाद्या पोकळीत शिरला.

राणीचं मिलन उडताना होतं, त्यासाठी कोरडी, उन्हाची हवा लागते. मिलन होऊन ती अंडी घालू लागेपर्यंत साधारण दहा-पंधरा दिवस जातात. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला आणखी सुमारे तीन आठवडे. म्हणजे पहिली नवी पिढी बाहेर येणार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर. आणि मुंबईत मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख आहे ११ जून.

दरम्यान थव्यातल्या मूळ माश्या म्हाताऱ्या होत असतात. कामाच्या दिवसांत कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. शिवाय शून्यातून घर बांधायचं असतं. एक किलो मेण तयार करायला माश्यांना साधारण सहा ते आठ किलो मध खावा लागतो, असं मानलं जातं.

म्हणजे माश्या घटत आहेत, साठा नाही आणि पाऊस दारात. अशी वसाहत उपासमारीने मरते, मुंग्या आणि मेणकिड्याच्या तोंडी जाते किंवा घर सोडून निघून जाते.

वाचवता येतं का?

आधी माशी ओळखायची.

- आग्या माशी : सर्वांत मोठी. उंच इमारती आणि झाडांवर उघड्यावर एकच मोठं पोळं करते. पावसाआधी स्थलांतर करते, त्यामुळे मे महिन्यातला मोठा घोस वाटेत थांबलेल्या आग्याचाही असू शकतो. पेटीत राहत नाही. हिच्यापासून लांबच राहायचं.
- फुलोरी माशी : छोटी. झुडपात, बाल्कनीत तळहाताएवढं पोळं करते. हीसुद्धा पेटीत राहत नाही.
- सातेरी माशी : आपली देशी, पोकळीत राहणारी. हीच पेटीत पाळता येते.

थवा सातेरीचा असेल, तर अनुभवी मधपाळ तो संध्याकाळी पेटीत घेतो. पेटीत मोजक्याच चौकटी ठेवतो, म्हणजे थोड्या माश्यांना त्या राखता येतात. शक्य असेल तर बांधलेलं पोळं आयतं देतो, त्यामुळे मेणाचा खर्च वाचतो. दार अरुंद करतो, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक देतो, तोही संध्याकाळी आणि पेटीच्या आत, नाहीतर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लूट करतात.

तरीही थवा फारच लहान असेल, तर जाणकार मधपाळ त्याला एकटं ठेवत नाहीत. दुसऱ्या वसाहतीत मिसळतात.

दोन वसाहती एकत्र कशा करतात?

प्रत्येक वसाहतीचा वास वेगळा असतो. माश्या थेट एकत्र केल्या तर त्या एकमेकींना मारतात. म्हणून आधी थव्याच्या माश्या निरोगी आहेत का, हे काही दिवस बघतात, कारण आजारी माश्या मिसळल्या तर चांगली पेटीही जाऊ शकते. मग दोनपैकी कमकुवत राणी काढून घेतात. दोन्ही पेट्या एकावर एक ठेवून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात आणि त्याला बारीक भोकं पाडतात. माश्या एक-दोन दिवसांत कागद कुरतडतात. तोवर वास मिसळलेला असतो आणि भांडण टळतं.

यात एक राणी जाते, हे खरं. पण दोन उपाशी वसाहतींपेक्षा पावसाळा काढणारी एक वसाहत बरी, हा त्यामागचा विचार.

तुम्ही काय करायचं?

- घोसाखालची ये-जा थांबवा. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दूर ठेवा. खिडकी बंद करा, जवळचे दिवे मालवा.
- दगड, धूर, पाणी, फवारणी नको. एक माशी चिरडली की धोक्याचा वास पसरतो आणि बाकीच्या चवताळतात. फवारणीने खाली पडलेल्या अर्धमेल्या माश्याही चावतात.
- माश्या मागे लागल्या तर तोंड झाकून पळा आणि बंद खोलीत जा.
- नांगी लगेच खरवडून काढा. श्वास लागणं, चेहरा सुजणं, चक्कर येणं अशी लक्षणं दिसली तर वेळ न घालवता १०८ वर फोन करा.
- तीन दिवसांनंतरही घोस तिथेच असेल किंवा मेण दिसू लागलं, तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवा.

मधमाशीपालन शिकायचं असेल, तर पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं.

पेटी ठेवायची तर पावसाळा संपल्यावर सुरुवात करा. आणि मे महिन्यात ग्रुपवर तो व्हिडिओ आला, तर पेस्ट कंट्रोलचा नंबर टाकण्याआधी एवढंच लिहा : 'दोन दिवस थांबू या.'