पिल्लू अजगराला आडोसा हवा

अमेरिका-युरोपात घरोघरी पाळला जाणारा बॉल पायथन हा अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. तिथे तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. नुकतेच जन्मलेले पिल्लू जेमतेम फूटभर लांब. पक्षी, मुंगूस, मोठे साप, सगळ्यांचेच ते भक्ष्य. म्हणून उघड्यावर राहणे त्याला धोक्याचे वाटते, आणि काचेची रिकामी पेटी म्हणजे त्याच्या लेखी उघडे माळरानच.

उपाय सोपा आहे. पेटीच्या उबदार बाजूला एक आणि थंड बाजूला एक अशी दोन लपणे ठेवा. एकच असेल तर पिल्लाला ऊब किंवा आडोसा यांतले एकच निवडावे लागते, आणि भेदरलेले पिल्लू आडोसाच निवडते. मग पुरेशी ऊब न मिळाल्याने पचन बिघडते. लपण घट्ट हवे: वेटोळे घातल्यावर अंग भिंतींना टेकले पाहिजे. प्रशस्त गुहा आपल्याला आवडते, त्याला नाही. उरलेल्या जागेत सुकी पाने, झाडाची साल पसरा आणि काचेच्या तीन बाजू कागदाने झाका.

नव्या घरी आल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका. खाल्ल्यावरही दोन दिवस तसेच. खाणे नाकारले तर आधी आडोसा आणि तापमान तपासा.

भारतातल्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: नाग, धामण, अजगर असे देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घरात साप आढळला तर वनविभागाला कळवा.