पक्की प्रत

लेखन हा एकांतात करावयाचा व्यवसाय आहे, असे जे वारंवार सांगितले जाते, ते घाटकोपरात राहणाऱ्याने फारसे मनावर घेऊ नये. कारण पंतनगरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एकांत लाभेल तेव्हाच लिहू, असा निर्धार करणाऱ्याच्या हातून एक पानही पुरे होण्याचा संभव नाही. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी आणि घरातील माणसे लोकल गाठण्याच्या लगबगीला लागण्यापूर्वी जो अवकाश मिळतो, तोच माझा लेखनकाळ; त्या वेळी काही सुचो वा न सुचो, कागदासमोर रुजू व्हावयाचे, हा नेम कारकुनाने हजेरीपटावर सही करावी तितक्या निमूटपणे मी पाळत आलो आहे.

या नेमाला आमच्या उपनगरात थोर पूर्वाधार आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे दीर्घकाळ राहिले. १९२० साली वाटेगावात जन्मलेल्या आणि शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या या लेखकाने कथा, कादंबऱ्या, लावण्या व पोवाडे यांची विपुल रचना केली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना लाभली आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला. चिरागनगरच्या गल्लीतून जाताना, लेखनासाठी स्वतंत्र खोली हवी या माझ्या जुन्या अर्जावर मीच ‘नामंजूर’ असा शेरा मारतो.

परंतु नेमाने हाती येतो तो केवळ कच्चा खर्डा. तो काही आठवडे दप्तरात बांधून ठेवावा, म्हणजे स्वतःच्या वाक्यांविषयीची ममता ओसरते. मग मोठ्याने वाचावा. आणि त्यानंतर, लेखनातील सर्वांत कष्टाचे, म्हणूनच बहुधा टाळले जाणारे काम हाती घ्यावे, ते म्हणजे पक्की प्रत. कागदाच्या एकाच बाजूस, डावीकडे पुरेसा समास सोडून, सुवाच्य अक्षरांत प्रत्येक वाक्य पुन्हा उतरवीत गेले असता ध्यानात येते की, जे वाक्य दुसऱ्यांदा लिहिण्याचा हाताला कंटाळा येतो, ते वाचकालाही बहुधा नकोच असते. माझ्या एका कथेत फलाटावरील गर्दीचे पानभर वर्णन होते. उतरवताना त्याच्या तीन ओळी उरल्या, कारण नायिकेने जेवणाचा डबा छातीशी घट्ट धरला, एवढ्यानेच गर्दी सांगून झाली होती.

पक्की प्रत झाली की ती वेळेत पाठवणे आले. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढून जी प्रथा घातली, तिने मराठी कथालेखकाचे पंचांगच बदलून टाकले. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघावयाचा, तर साहित्याची मुदत पावसाळ्यात संपते. म्हणून आकाशकंदिलांच्या दिवसांत वाचली जाणारी कथा आंब्यांच्या दिवसांत लिहून ठेवावी लागते. पूर्वी परतीची तिकिटे लावलेला, स्वतःचा पत्ता घातलेला लिफाफा सोबत जोडीत; आता बहुतेक ठिकाणी टंकलिखित मजकूर ई-मेलने रवाना होतो. तरीही स्थळप्रत जवळ ठेवणे, कोणती कथा कोणाकडे केव्हा गेली याची नोंद करणे, आणि एका संपादकाचा निर्णय कळेपर्यंत ती दुसऱ्याकडे न पाठवणे, हे शिष्टाचार मी सोडलेले नाहीत.

निर्णय पुष्कळदा येतच नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित बारकाईने वाचून लेखकाशी पत्रव्यवहार करीत, कथेतील उणिवा दाखवीत आणि पुनर्लेखनास प्रवृत्त करीत. ते मासिक १९८२ साली बंद पडले. इतका वेळ देणारा संपादक आता क्वचितच भेटत असल्यामुळे त्याच्या कामाचा काही भाग लेखकानेच स्वतःच्या अंगावर घेणे प्राप्त आहे, आणि पक्की प्रत हे त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत भरवशाचे साधन आहे. याच कारणास्तव, साभार परत आलेली कथा मी तशीच पुढे धाडीत नाही. ती पुन्हा एकवार हाताने उतरवून काढतो. उतरवताना हात जेथे अडतो, तेथे संपादकाचा नकार मान्य करून दुरुस्तीस लागतो. आणि कोठेच अडला नाही, तर दुसऱ्या अंकाचा पत्ता घालून कथा त्याच दिवशी रवाना करतो.