आईचं माहेरचं आडनाव काय?

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायला येऊन मला तीस वर्षं होऊन गेली. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, दर निवडणुकीत मतदान केलं, कर भरले, निवृत्त झालो. एवढं होऊनही दर दोन दिवसांनी संगणकाचा पडदा मला विचारतोच, 'तुम्ही तुम्हीच कशावरून?' मग पासवर्ड द्यायचा. तो चुकला की फोनवर सहा आकडे येतात आणि चष्मा सापडेपर्यंत त्यांची मुदत संपते. मग चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखून दाखवायचे. आणि सरतेशेवटी प्रश्न येतो, 'आईचं माहेरचं आडनाव काय?'

हा प्रश्न ज्यानं काढला त्याला बहुधा मामा नसावा. आमच्याकडे ही गोष्ट गुपित कशी राहील? माझ्या लग्नाच्या पत्रिकेत ते आडनाव तिन्ही मामांच्या नावांसकट छापलं होतं, आणि ती पत्रिका अर्ध्या साताऱ्यात वाटली होती!

पासवर्डच्या जाचाला तर चक्क सरकारी शिक्का आहे. मानकं ठरवणाऱ्या 'निस्ट' या अमेरिकी सरकारी संस्थेनं 2003 साली एक मार्गदर्शिका काढली. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं आणि ठराविक दिवसांनी बदल हवा, ही पद्धत तिच्यामुळे जगभर रूढ झाली. ती लिहिणारे बिल बर यांनी निवृत्तीनंतर, 2017 साली, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं मोकळेपणानं सांगून टाकलं. कारण माणसं करतात काय, तर मी करतो तेच. गावाच्या नावापुढचा 1 काढायचा आणि 2 लिहायचा. 'निस्ट'नंही त्याच वर्षी आपला सल्ला बदलला आणि कारणाशिवाय पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलं. माझ्या निवृत्तिवेतनाचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीपर्यंत मात्र ही बातमी अजून पोचलेली नाही. दर 90 दिवसांनी तिथं नवा पासवर्ड लागतोच.

आता थोडं राजकारण. माझा एक जुना नागपूरकर मित्र इथून वीस मिनिटांवर राहतो. तो पक्का रिपब्लिकन, मी डेमोक्रॅट. त्याच्या मते माझा पक्ष देश बुडवतोय, माझ्या मते त्याचा. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हे भांडण होतं आणि आमच्या बायका चकल्या पुढे करून ते मिटवतात.

2016 च्या दिवाळीत तो फारच खुशीत होता. हिलरी क्लिंटन यांचे प्रचारप्रमुख जॉन पोडेस्टा यांना त्या वर्षी मार्चमध्ये एक ईमेल आली होती. 'कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरलाय, ताबडतोब बदला' असा तिचा मजकूर. ती बनावट होती. कार्यालयातल्या माणसानं तपासून उत्तर लिहिलं, त्यात 'खोटी' लिहायचं ते 'खरी' असं लिहिलं गेलं, असं त्यानंच पुढे सांगितलं. पोडेस्टांची हजारो पत्रं चोरीला गेली आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये, विकिलीक्सवर झळकली. 2018 च्या जुलैमध्ये अमेरिकी न्यायखात्यानं या चोरीबद्दल रशियाच्या 12 लष्करी हेरांवर आरोप ठेवले. पण मित्राचं एकच पालुपद होतं. 'ज्यांना साधी ईमेल कळत नाही, ते देश काय चालवणार?'

त्याची परतफेड करायला मला जवळजवळ साडेआठ वर्षं थांबावं लागलं. मार्च 2025 मध्ये ट्रम्प यांच्या मंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा 'सिग्नल' या फोनवरच्या गटात केली. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी त्या गटात चुकून 'द अटलांटिक' मासिकाच्या संपादकांनाच घेतलं होतं! मी लगेच फोन लावला आणि त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही. मला कोण आनंद झाला!

तो आनंद काही महिनेच टिकला.

एका सकाळी मला ईमेल आली. 'तुमचं खातं आज बंद होईल, पासवर्डची खात्री करा.' असल्या खऱ्या सूचना इतक्या येतात, की मी वैतागून बटण दाबलं, पासवर्ड टाकला आणि चहा प्यायला गेलो. पोडेस्टांची आठवणसुद्धा झाली नाही. दुपारी माझ्याच नावानं माझ्या सगळ्या ओळखीच्यांना पत्र गेलं. मी दवाखान्यात आहे, बोलता येत नाही, तातडीनं गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे आकडे कळवा. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. एकानं मात्र दुकानात जाऊन आठशे डॉलरची कार्डं घेतली आणि गाडीत बसून, ती खरवडून, आकडे पाठवले. तो माझा रिपब्लिकन मित्र.

संध्याकाळी तो फुलं घेऊन दारात उभा. मला धडधाकट पाहून त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला. 'इंग्रजीत का लिहिलंस असं वाटलं खरं,' तो म्हणाला, 'पण म्हटलं, दवाखान्यातून लिहितोय.'

मी ओशाळलो. त्यानं मला टोमणा मारायला हवा होता, तो त्यानं मारला नाही, हे अधिकच लागलं.

त्या रात्री झोप आली नाही. वाटलं, आम्ही इतकी वर्षं एकमेकांच्या पक्षातले वेंधळे मोजत बसलो आणि मूळ गोष्ट राहूनच गेली. 2017 साली इक्विफॅक्स या कंपनीकडून सुमारे 14 कोटी 70 लाख अमेरिकनांची माहिती चोरीला गेली. त्यात दोन्ही पक्षांचे मतदार होते. जुलै 2022 मध्ये नागरिकांच्या माहितीला देशभर संरक्षण देणारं एक विधेयक प्रतिनिधिगृहाच्या समितीनं 53 विरुद्ध 2 मतांनी मंजूर केलं. इतकं एकमत या देशात हवामानाबद्दलही होत नाही! पण कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा त्यानं दुबळा होईल की काय, अशा वादांत ते अडकलं आणि सभागृहात मतदानालाच आलं नाही. कुलपं लावायची सक्ती आमच्यावर. पण आमची माहिती साठवणाऱ्यांवर देशभर एकच कायदा घालायची वेळ आली, की सगळे उद्या बघू म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी आठशे डॉलरचा चेक घेऊन मित्राकडे गेलो. त्यानं चारशेचा मागितला. म्हणाला, 'चूक दोन्ही पक्षांची आहे.'

आता आमचं ठरलंय. कुणालाही पैशाची गरज पडली, तर ईमेल करायची नाही, फोन करायचा, आणि तोही मराठीत. परवा मला खरोखरच दवाखान्यात जायचं होतं आणि गाडी बंद पडली होती, म्हणून मी त्याला फोन केला.

'येतो,' तो म्हणाला. 'पण आधी सांग, आईचं माहेरचं आडनाव काय?'

मी सांगितलं. त्याला ते ठाऊक होतंच. माझ्या लग्नाची पत्रिका त्यानंच तर वाटली होती.