सांगून करून घेतलेले चित्र

व्यक्तिचित्राचे काम चित्रकाराकडे येते, तेव्हा आकार आणि मोबदला यांच्याही आधी एक गोष्ट ठरावी लागते: माणूस कोणत्या रूपात हवा? पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांची दोन तैलचित्रे आहेत. एकात स्त्रीभूमिकेतले बालगंधर्व, दुसऱ्यात पुरुषवेषातले नारायणराव राजहंस. एका चित्रात हा माणूस मावलाच नसता. साध्या घरातही हाच पेच असतो. आजोबा पगडी-उपरण्यात हवेत की रोजच्या सदऱ्यात? ऐन उमेदीतले हवेत की नातवंडांना आठवतात तसे? भावंडांचे यावर क्वचितच एकमत होते, म्हणून पसंती कोण देणार हे चित्रकाराने आधीच विचारून घेणे शहाणपणाचे.

मग जागा पाहायची. चित्र लागणार त्या भिंतीच्या डावीकडे खिडकी असेल, तर चेहऱ्यावरचा उजेडही डावीकडूनच घेतात; चित्र त्या खोलीत मुरते. छातीपर्यंत, गुडघ्यापर्यंत की पूर्णाकृती, हे भिंतीवरून ठरते आणि त्यावरून मोबदला. हात दाखवायचे असतील तर काम बरेच वाढते, कारण हात रंगवणे चेहऱ्याइतकेच अवघड. काही रक्कम आगाऊ घेण्याची रीत आहे; उरलेली कधी द्यायची ते लिहून ठेवलेले बरे.

माणूस समोर बसणार असेल तर काम सुखाचे. पहिल्या बैठकीत बहुतेक जण अवघडून बसतात. गप्पांत रमले की मान नेहमीच्या बाजूला कलते आणि तीच खरी ठेवण. दिवंगताचे चित्र मात्र अनेकदा जुन्या, लहानशा फोटोवरून करायचे असते. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, सावल्या नुसत्या काळ्या होतात, कृष्णधवल फोटोत वर्ण कळत नाही. तो जसाच्या तसा उतरवला तर रंगीत फोटोच तयार होतो. म्हणून वेगवेगळ्या वयांतले फोटो मागवायचे, चेहरेपट्टी जुळणाऱ्या मुलाला किंवा पुतण्याला उजेडात बसवून त्वचेचे रंग पाहायचे, आणि घरच्यांना बोलते करायचे. ‘हसताना डावा डोळा बारीक व्हायचा’ एवढे एक वाक्य दहा फोटोंना भारी पडते.

बदल सुचवायचे ते कच्च्या रेखाटनावर किंवा छोट्या रंगीत आराखड्यावर. तिथे हात हलवायला तासभर पुरतो. कॅनव्हासवर कित्येक दिवस जातात. शिवाय तैलरंग वर्षानुवर्षांनी किंचित पारदर्शक होतो आणि वरून रंगवून झाकलेला पहिला हात पुन्हा डोकावू लागतो.

मागणीमुळे चित्रकाराचे हात बांधले जातात, हा समज अपुरा आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये राजा रविवर्म्यांकडे १४ पौराणिक चित्रांचे काम सोपवले. विषयाची दिशा दरबाराने दिली. पण देवादिकांचा वेष कसा असावा, हे शोधण्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजराज वर्मा यांनी उत्तर भारताचा प्रवास केला. पुराणातल्या नायिकांना त्यांनी दिलेली साडी पुढे १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्यातून घरोघरी पोहोचली.

चित्र पूर्ण झाले तरी तैलरंग आतून वाळायला महिने लागतात. अंतिम व्हार्निश पारंपरिक रीतीने सहा महिने ते वर्षभरानंतर देतात, म्हणून चित्र घरी गेल्यावरही चित्रकाराची एक फेरी उरते.

मालकीबाबत गैरसमज फार. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन सांगून करून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याचा असतो. छपाईचा हक्क स्वतःकडे हवा असेल तर चित्रकाराने तसे आधी लिहून घ्यावे. मात्र आपले नाव लावण्याचा आणि कलाकृतीच्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा कर्त्याचा हक्क त्यानंतरही शाबूत राहतो. अमरनाथ सेहगल यांनी सरकारच्या सांगण्यावरून दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष सेहगल यांना परत देण्याचा आदेश दिला.