धूळ जाते कोठे?

वरसावे हे नाव बहुतेकांच्या परिचयाचे आहे ते वाहतुकीच्या कोंडीमुळे. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता येथे एकमेकांना मिळतात आणि वसईच्या खाडीवरील पुलाकडे वळतात. एका बाजूस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मधून मालमोटारींची न संपणारी रांग, असे या ठिकाणाचे रूप आहे. २०२३ साली खाडीवर नवा पूल खुला झाला. त्याने प्रवाशांचा वेळ वाचला असेल. पण डिझेलचा धूर आणि चाकांखाली भरडली जाणारी धूळ पुलामुळे कमी होत नसते. या परिसरातील मध्यमवर्गीय कुटुंबाने खिडकीच्या कठड्यावरून सकाळी फडके फिरवावे आणि संध्याकाळी त्यावर पुन्हा बोटाने नाव लिहिता यावे, यात नवल नाही.

अशा कुटुंबाला घरातील हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध असल्यास तो चैनीचा खर्च म्हणता येणार नाही. मात्र अलीकडे या यंत्रांच्या जाहिरातींतून एक नवा शब्दप्रयोग रूढ होत आहे. यंत्र म्हणे स्वतःच स्वतःला स्वच्छ करते. साफसफाईचा त्रास नाही, फिल्टर बदलण्याची कटकट नाही. महिन्याच्या पगारातील मोठा हिस्सा मोजण्यापूर्वी या दाव्याला एकच प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. यंत्राने पकडलेली धूळ शेवटी जाते कोठे?

या प्रश्नाचे उत्तर घरगुती यंत्रापेक्षा एका प्रचंड यंत्रात अधिक स्पष्ट दिसते. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या धुराड्यांआधी विजेच्या भाराने राख ओढून घेणाऱ्या पत्र्यांची रचना असते. फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती व्यवहारात आणली. हे यंत्र खऱ्या अर्थाने आपले आपण स्वच्छ होते. पत्र्यांवर ठराविक वेळाने हातोडे आपटतात, साचलेली राख खालच्या नरसाळ्यात पडते आणि तेथून बाहेर नेली जाते. परंतु राख नाहीशी होत नाही. तिच्यासाठी तलाव बांधावे लागतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या नाल्यांत व शेतांत पसरले. पकडलेली धूळ ही टाळलेली धूळ नव्हे; ती कोणीतरी सांभाळायची धूळ असते.

हीच कसोटी घरातील यंत्राला लावली, की ‘आपोआप स्वच्छता’ या शब्दांमागे तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आढळतात. काही यंत्रांत बाहेरच्या जाळीवरून एक ब्रश फिरतो आणि केस, कापसाचे तंतू, जाड धूळ एका लहान पेटीत लोटतो. ही सोय खरोखर उपयुक्त आहे. पण पेटी रिकामी करणारा हात घरातल्याच माणसाचा असतो. काही यंत्रांत कॉट्रेलच्या तत्त्वावरचे पत्रे असतात. ते मळले, की त्यांची ओढ कमी होते आणि ते बाहेर काढून धुवावे व पूर्ण वाळवावे लागतात. तिसऱ्या प्रकारात अतिनील प्रकाश किंवा विद्युतभारित कण सोडून जंतू मारल्याचे सांगितले जाते. जंतू मेले असे मानले, तरी मेलेला जंतू आणि धुळीचा कण दोन्ही जागच्या जागीच राहतात. शिवाय उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांना अपायकारक आहे. कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५ भाग अशी मर्यादा घातली आहे, ती उगाच नव्हे.

आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे काम करतो तो आतला दाट फिल्टर. ‘हेपा’ या नावाने तो ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण रोखण्यासाठी या जातीचे फिल्टर विकसित झाले. ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणे ही त्याची मान्य कसोटी आहे. पिठाच्या चाळणीप्रमाणे तो भोकांनी कण अडवत नाही. तंतूंच्या दाट जंजाळातून वाट काढताना कण तंतूंवर आदळतात व चिकटतात. चिकटलेला कण ब्रशने निघत नाही, आणि पाण्याने धुतल्यास बहुतेक फिल्टरांची तंतुरचनाच बिघडते. म्हणून हा फिल्टर भरला, की टाकून नवा बसवणे हाच मार्ग उरतो. तात्पर्य, जो भाग स्वतः स्वच्छ होतो तो दुय्यम असतो आणि जो भाग मुख्य असतो तो स्वतः स्वच्छ होत नाही.

मग यंत्राचे मूल्यमापन करावे कसे? पहिली गोष्ट गणिताची. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी अशी अपेक्षा असेल, तर यंत्राने ताशी १७० घनमीटर शुद्ध हवा दिली पाहिजे. हा आकडा वेष्टनावर नसेल, तर इतर सर्व विशेषणे व्यर्थ होत. दुसरी गोष्ट मोजमापाची. यंत्राच्या अंगावर चमकणारा आकडा त्याच्या स्वतःच्या तोंडाजवळच्या हवेचा असतो. परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, असा हा प्रकार आहे. सूक्ष्म कण मोजणारे वेगळे लहान उपकरण मिळाल्यास ते खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवावे. दारे-खिडक्या बंद करून यंत्र चालू नसताना व चालू असताना अर्ध्या तासाने आकडा पाहावा. आणि हीच परीक्षा त्याच खोलीत, फिल्टर न बदलता, तीन महिन्यांनी पुन्हा घ्यावी. आपोआप स्वच्छ होण्याच्या दाव्याची खरी परीक्षा ही दुसरी होय. पहिल्या दिवशी सगळीच यंत्रे गुणवान असतात.

तिसरी गोष्ट खर्चाची. ५० वॉटचे यंत्र रोज दहा तास चालले तर महिन्याला १५ युनिट वीज लागते. ती फारशी नाही. खरा खर्च फिल्टरचा असतो. तेव्हा यंत्राची नव्हे, तर यंत्र आणि पाच वर्षांचे फिल्टर यांची एकत्रित किंमत विचारावी.

एवढे करूनही एक मर्यादा राहतेच. यंत्र शुद्ध करते ती बंद खोलीतील हवा. खिडकी उघडली, की वरील सर्व गणित कोलमडते. खिडकी बंदच ठेवली, तर माणसांच्या उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड खोलीत साचतो आणि तो कोणताही कणफिल्टर शोषून घेत नाही. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे भारताचे २००९ चे मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. ही मानके बाहेरच्या, सर्वांच्या हवेसाठी आहेत. शयनगृहातील कोपऱ्यासाठी नव्हेत.

वरसावे नाक्यावर वाहतूक हाकणाऱ्या पोलिसाला, रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला आणि बसची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला कोणते यंत्र पुरवणार? खडीची गाडी ताडपत्रीने झाकणे, बांधकामाच्या जागेवर पाणी मारणे, रस्त्याच्या कडेला साचलेली माती खराट्याने उडवण्याऐवजी उचलून नेणे, हे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने बांधकामांसाठी या स्वरूपाचे नियम काढले. हवा मात्र दहिसरच्या हद्दीवर थांबत नाही. हवेच्या प्रदूषणाचा कायदा १९८१ पासून अस्तित्वात आहे आणि तो मीरा-भाईंदरलाही लागू आहे.

गरज असेल त्याने यंत्र अवश्य घ्यावे, पारखून घ्यावे आणि त्याची पेटी, पत्रे, फिल्टर नियमाने पाहावेत. पण ‘धूळ जाते कोठे’ हा प्रश्न दुकानदाराला विचारून थांबू नये. तोच प्रश्न, तितक्याच चिकाटीने, रस्ता झाडणाऱ्या व बांधणाऱ्या यंत्रणेलाही विचारला गेला पाहिजे. आपोआप स्वच्छ होणारे शहर अजून कोणी बनवलेले नाही.