जुन्या मालमोटारीवरील इशाऱ्याचा दिवा : एक चिन्हविचार

भाषाशास्त्राच्या वर्गात चिन्हाचा विचार शब्दापासून सुरू होतो व बहुधा शब्दापाशीच संपतो. चिन्हाचा अर्थ चुकीचा लावल्यास भुर्दंड किती व कोणाला पडतो, हे अशा उदाहरणांवरून सहसा कळत नाही. जुन्या मालमोटारीच्या दर्शनी फलकावर वारंवार लागणाऱ्या दिव्यावरून ते स्पष्ट कळते. प्रस्तुत टिपणात त्याच दिव्याचा विचार करावयाचा आहे.

माझे एक मामेबंधू २०१८ साली घेतलेल्या मालमोटारीतून नाशिकहून भिवंडीस माल नेतात. परतीच्या वाटेवर कसारा घाट चढताना इंजिनाचा पिवळा दिवा लागू लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला असता ‘ऑइलचा दाब’ असे निदान निघाले. सेन्सर बदलला, नोंद पुसली, दिवा विझला. आठ दिवसांनी तो पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजात पुन्हा सेन्सर बदलला. तिसऱ्या ठिकाणी ऑइलपंपच बदलण्याचा सल्ला मिळाला. गाडीचा हप्ता थांबत नव्हता आणि गाडी मात्र उभी राहत होती.

येथे दिव्याचे स्वरूप तपासले पाहिजे. अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स याने चिन्हांचे तीन वर्ग केले : साम्यावर आधारलेले, कार्यकारणसंबंधावर आधारलेले व संकेतावर आधारलेले. आपला दिवा तिन्ही वर्गांत मोडतो. इंजिनाची बाह्याकृती हे साम्य. तांबडा म्हणजे ‘थांबा’ आणि पिवळा म्हणजे ‘लक्ष द्या’ हा संकेत. आणि दिव्याचे प्रत्यक्ष लागणे हे कार्य. परंतु हा एकच दिवा अनेक कारणांनी लागतो. म्हणून तो ‘काहीतरी बिघडले आहे’ याहून अधिक सांगत नाही.

अधिक सांगतो तो दिव्यामागचा संकेतांक. जड वाहनांत सामान्यतः एस. ए. ई. जे-१९३९ ही संकेतपद्धती वापरतात. तिच्यातील बिघाडाच्या नोंदीला व्याकरण आहे. पहिला अंक, एस. पी. एन., कशाविषयी बोलावयाचे ते सांगतो, दुसरा, एफ. एम. आय., त्याविषयी काय म्हणावयाचे ते सांगतो. पहिला उद्देश्य, दुसरा विधेय. १०० म्हणजे इंजिनऑइलचा दाब. १००-१ याचा अर्थ ‘दाब खरोखरीच धोकादायक इतका कमी आहे’. १००-४ याचा अर्थ ‘दाबाची बातमी आणणाऱ्या तारेत व्होल्टेज कमी आहे, अथवा ती तार कोठेतरी अर्थला टेकली आहे’. पहिले वाक्य इंजिनाविषयी आहे, दुसरे निरोप्याविषयी. मामेबंधूंच्या गाडीची नोंद १००-४ होती. दोन्ही मिस्त्र्यांनी उद्देश्य वाचले, विधेय सोडून दिले. तिसरा तर पंपापर्यंत गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आपल्या नैयायिकांना हा दोष परिचित होता. धूर दिसला की अग्नीचे अनुमान निर्दोष ठरते. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणता येत नाही. तेथे ओल्या इंधनाची अट, म्हणजे उपाधी, मध्ये येते. ‘१००-४ आहे, म्हणून सेन्सर खराब’ या अनुमानातही तशीच उपाधी लपलेली आहे : तार, कनेक्टर आणि अर्थ निर्दोष असतील तरच ते खरे.

उपाधीचा शोध मिळाला तो दिवा *केव्हा* लागतो या प्रश्नातून. दिवा चढावरच लागत असे. चढावर जोर पडला की इंजिन आपल्या बैठकीवर किंचित कलते. एका वृद्ध वायरमनने चालू गाडीत तारांची जुडी हाताने हलवून पाहिली व दिवा लागला. एका पट्टीवर घासून तारेचे आवरण गेले होते व कलताना ती लोखंडाला टेकत होती. दुरुस्तीस एका दिवसाची मजुरी पुरली.

यावरून क्रम असा निघतो. नोंद पुसण्यापूर्वी दोन्ही अंक, ती किती वेळा उद्भवली याची संख्या, आणि चढ, पाऊस, भार ही परिस्थिती वहीत लिहावी. मग स्वस्त शंका प्रथम तपासाव्या : बॅटरीची टोके, अर्थ, फ्यूज, कनेक्टरमधील पाणी व गंज. चोवीस व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असता सुमारे २८ व्होल्ट मिळत नसतील, तर अनेक सेन्सर एकदम ‘खोटे’ बोलू लागतात. दाबाविषयी शंका असल्यास साधे यांत्रिक गेज लावून खात्री करावी. सुटा भाग त्यानंतरच बदलावा. खर्चाचा विचार करताना केवळ बिलाची रक्कम पाहू नये. गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडेही त्यात धरावे. तसे केल्यास ‘बदलून तर पाहू’ हा सल्ला सर्वांत महाग ठरतो.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे. सतत लागलेला दिवा कोणी वाचत नाही; त्यावर चिकटपट्टी लावणारेही आढळतात. परंतु जो दिवा आधीच लागलेला आहे, त्याला नवी बातमी देता येत नाही. तार दुरुस्त झाल्यावर महिन्याभराने तोच पिवळा दिवा पुन्हा लागला. जुनेच दुखणे समजून गाडी पुढे हाकली गेली असती. पण वहीच्या सवयीने अंक पाहिला, तो ११०-१६ निघाला : इंजिनातील पाणी प्रमाणाबाहेर तापले आहे. गाडी बाजूला घेतली. पाण्याची नळी गळत होती. इंजिन वाचले.

चिन्हाला अर्थ असतो तो त्याच्या भिन्नत्वामुळे, हा सोस्यूरचा सिद्धान्त १९१६ पासून ग्रंथरूपाने आपल्यासमोर आहे. नेहमीच लागलेला दिवा कशाहूनच भिन्न नसतो. म्हणून दिवा विझवावयाचा तो कारण दूर करूनच. केवळ नोंद पुसून विझविलेला दिवा म्हणजे अर्ध्यावर तोडलेले वाक्य होय.