ठिबकातून विद्राव्य खते देताना रोटामीटर तपासून घ्या

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भात कापणीनंतर भेंडी, काकडी यांसारखी भाजीपाला पिके घेतली जातात. ज्या शेतकऱ्यांकडे ठिबक संच आहे ते व्हेंचुरीच्या साहाय्याने विद्राव्य खते देतात. व्हेंचुरीच्या शोषण नळीवर रोटामीटर बसविला असल्यास ताशी किती लिटर द्रावण जाते ते समजते. परंतु या मीटरवरील खुणा साध्या पाण्यासाठी आखलेल्या असतात. खताचे द्रावण पाण्यापेक्षा जड असते, हे लक्षात घ्यावे.

फरक का पडतो?

मीटरमधील तरंगक खालून येणाऱ्या प्रवाहाने उचलला जातो. द्रव जड असेल तर तो कमी प्रवाहातही तेवढाच वर राहतो. त्यामुळे मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवितो. समजा, १२:६१:०० हे २० किलो खत विरघळवून १०० लिटर द्रावण केले. अशा एक लिटर द्रावणाचे वजन सुमारे १ किलो १०० ग्रॅम भरते. पोलादी तरंगक ६० लिटरच्या खुणेवर असला तरी प्रत्यक्षात ताशी सुमारे ५७ लिटरच जातात. तरंगक हलका असल्यास फरक आणखी वाढतो.

आपण चार वाफ्यांना प्रत्येकी २५ मिनिटे द्रावण सोडले, तर टाकीत ५ लिटर, म्हणजे एक किलो खत शिल्लक राहते. ते शेवटच्या वाफ्यात सोडून दिल्यास त्या वाफ्याला जादा व इतरांना कमी खत मिळते.

तपासणी कशी करावी?

१. रोटामीटर उभा व ओळंब्यात बसवावा. आकडा तरंगकाच्या सर्वांत रुंद भागावर वाचावा.

२. लिटरच्या खुणा केलेल्या बादलीत साधे पाणी घेऊन तरंगक ६० वर ठेवावा. १० मिनिटांत १० लिटर पाणी ओढले गेले पाहिजे. तसे नसल्यास नळीतील गळती व कचरा पाहावा.

३. आता खताचे गाळलेले द्रावण घेऊन हीच कृती करावी. १० मिनिटांत साडेनऊ लिटर ओढले गेल्यास गुणक ०.९५ येतो.

४. मीटरवरील आकड्यास या गुणकाने गुणले म्हणजे खरा प्रवाह मिळतो. ताशी ६० लिटर द्रावण हवे असल्यास तरंगक ६३ वर ठेवावा.

खत किंवा त्याचे प्रमाण बदलल्यास गुणकही बदलतो, म्हणून प्रत्येक खताचा गुणक वहीत लिहून ठेवावा. कॅल्शियम नायट्रेट हे स्फुरदयुक्त खतात मिसळू नये. साका तयार होऊन तरंगक अडकतो व तोट्याही बुजतात. खत देऊन झाल्यावर काही वेळ साधे पाणी सोडून मीटर व नळ्या स्वच्छ कराव्यात.

बादली आणि घड्याळ एवढ्यावरच ही तपासणी होते. तेव्हा शेतकरी बंधूंनी हंगामाच्या सुरुवातीलाच ती करून घ्यावी.